‘छी’ म्हणण्यापूर्वी

दीड-दोन वर्षांचे मूल अंगणात सोडले की ते पहिल्याप्रथम खाली बसते. आकाश, झाडे, फुले ही आपली मोठ्यांची हौस. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर असतात आणि त्याचे जगही तेवढ्याच उंचीचे असते. एखादा मुंगळा, भिजलेला पालापाचोळा, कुंडीखाली सरपटणारे काहीतरी, एवढ्यावर त्याचा अर्धा तास सहज जातो. मग ते बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून मोठ्या कौतुकाने आपल्याकडे आणते, आणि आपल्या तोंडून शब्द निघतो, “छी! टाक ते. घाण आहे.” या एका अक्षराविषयी आज थोडे लिहावे असे मनात आहे.

वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांना अंगण म्हणजे काय हे सांगावयास नको. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील वाड्यांना चौक असे, चौकात तुळशीवृंदावन, मागल्या दारी विहीर आणि तिच्या सांडपाण्यावर माजलेली कर्दळ नि अळू. रांगत्या मुलाची आणि मातीची गाठ घालून द्यावी लागत नसे. उलट दिवसातून दोनदा त्याला तिच्यातून उचलून आणावे लागे. त्या वाड्यांपैकी कितीतरी आता राहिले नाहीत. जागी सदनिका आल्या, अंगणाच्या जागी वाहनतळ आला आणि त्यावर सिमेंटचे ठोकळे बसले. बालवाडीत पाऊल टाकीपर्यंत मातीला हात न लागलेली मुले आपल्या घरांत आज वाढत आहेत. वाडे परत येणार नाहीत, आणि त्याबद्दल गळा काढण्यात अर्थही नाही. पण मूल आणि माती यांची जी गाठ आपोआप पडत असे ती आता कोणीतरी जाणून-बुजून घालून द्यावयास हवी, आणि घरात त्यासाठी वेळ असणारी माणसे म्हणजे आजी-आजोबा. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी व्यवसायाने संगीतशिक्षक. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. वडील दरबारी गवई असल्यामुळे शिकवावे कसे याचीच चर्चा घरात कानावर पडत आली. शिकवणीला येणाऱ्या मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडे येतात. आत षड्ज लागत असतो आणि ही धाकटी मंडळी बाहेर कुंड्यांपाशी बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहता पाहता ध्यानात आले की त्यांचाही एक रियाज चालू असतो. वडील नव्या शिष्याला पहिले कित्येक दिवस गाऊ देत नसत. तानपुऱ्याजवळ बस आणि ऐक, एवढीच आज्ञा असे. ही मुले त्या आज्ञेवाचून तेच करीत असतात. एकच दगड चार वेळा उलटावयाचा, त्याच मुंगीमागे पुन्हा जावयाचे. आपल्याला तो हट्ट वाटतो. वास्तविक ती घोटवणूक असते.

किड्यांचे भय किंवा किळस मूल जन्माला येताना बरोबर घेऊन येते काय? सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. पंधरा ते वीस महिन्यांची तीस मुले घेऊन त्यांना रबराचा साप आणि रबराचा कोळी दाखविण्यात आला. त्या वेळी आईने कधी हसरा चेहरा करावयाचा, तर कधी भ्यालेला किंवा किळसलेला. ज्या खेळण्याकडे पाहून आईने तोंड वाकडे केले होते त्याच्यापासून मुले दूर राहू लागली. काही मिनिटांनी तेच खेळणे पुन्हा पुढे ठेवले, तेव्हा आईचा चेहरा निर्विकार होता. तरीही मुलांनी हात आखडता घेतला. मूल किड्याकडे पाहण्याआधी आपल्या तोंडाकडे पाहते, हे यातून दिसते. आपले ‘छी’ हे त्याला मिळालेले पहिले मत होय, आणि या वयात पहिले मत फार दिवस टिकते.

गंमत अशी की आपली परंपरा या ‘छी’च्या बाजूची मुळीच नाही. हरितालिकेला आपल्या लेकी-सुना वाळूची पिंडी करतात. गणपती मातीचा, पोळ्याचे बैल मातीचे, दिवाळीचा किल्ला मातीचा, आणि त्या किल्ल्यावर पेरलेल्या अळिवाचे कोंब पाहण्यासाठी पोरे पहाटे उठतात. नागपंचमीला जमीन खणू नये, कारण आत कोणीतरी राहते, ही समजूतही आपलीच. सणावारी जी माती पूज्य ती एरवी घाण कशी, हा प्रश्न दोन वर्षांच्या मुलाला विचारता येत नाही एवढेच.

आता त्या मातीत आहे तरी काय ते पाहू. पहिल्या पावसाचा मृद्गंध आपल्या सर्वांच्या ओळखीचा. जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिस नावाचे सूक्ष्म जीव जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात, आणि त्या वासाचा मोठा भाग याच द्रव्याचा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की या वासाने स्प्रिंगटेल नावाचे तिळाहूनही बारीक, टुणकन उडणारे जीव ओढले जातात. ते या सूक्ष्म जीवांवर पोट भरतात आणि जाताना त्यांची बीजे अंगावरून व विष्ठेतून दुसरीकडे नेऊन टाकतात. ज्या सुगंधावर आपण इतके लुब्ध असतो ते मुळात एक आमंत्रण आहे आणि ते आपल्याला धाडलेले नाही, हे कळल्यावर मला तरी पावसाची गोडी वाढल्यासारखी वाटली. कुंडीतली ओली माती पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगातून पाहिली तर हे उडते पाहुणे घरबसल्या भेटतात.

गांडुळाची गोष्ट तर आम्हा गाण्या-बजावण्यातल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. चार्ल्स डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मातीच्या कुंड्यांत गांडुळे ठेवून त्यांना ऐकू येते की नाही हे त्याने तपासले. धातूची शिट्टी वाजविली, बॅसून नावाचे खर्जातले फुंकवाद्य वाजविले, कुंड्या पियानोशेजारी ठेवून तो जोराने वाजविला. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. पुढे त्याच कुंड्या प्रत्यक्ष पियानोवर ठेवल्या आणि खर्जातला सी हा स्वर वाजविला, तेव्हा मात्र दोन्ही गांडुळे तत्काळ बिळात शिरली. ती पुन्हा बाहेर आल्यावर वरच्या सप्तकातील जी वाजविला, तेव्हाही तेच झाले. सी हा षड्ज धरला तर जी म्हणजे पंचम. हवेतून आलेला नाद या श्रोत्याला पोचत नाही, पण अंगाखालचे कंपन त्याला तात्काळ कळते. माझ्याकडे येणारी लहान मुले तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तळहात टेकून मान डोलावतात, तेव्हा मला या गांडुळांची आठवण होते. याच ग्रंथात डार्विनने हिशेब मांडला आहे की इंग्लंडातील पुष्कळ भागांत एका एकरात दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. एवढा कारभार करणाऱ्या प्राण्याला ‘छी’ म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

मग करावे काय? फारसे काही नाही, आणि तेच कठीण आहे. वेळ सकाळची किंवा उन्हे उतरल्यावरची, पंधरा-वीस मिनिटांची. ऋतू पावसाळ्याचा आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचा उत्तम. सामान म्हणजे एक जुना चमचा, एक पांढरी ताटली, पाण्याचे भांडे आणि जमल्यास भिंग. आजोबांनी खुर्ची टाकून सूचना देत बसू नये. गुडघे साथ देत असतील तर पाटावर बसावे, नसतील तर बैठ्या स्टुलावर. पण डोळे मुलाच्या डोळ्यांजवळ आणावे. त्यानंतर गप्प राहावे. मूल पाहत असताना “हे काय आहे, सांग पाहू” अशी परीक्षा घेऊ नये. विलंबित ख्यालात पहिली सम येईपर्यंत जसा धीर धरतो तसाच येथेही धरावा. मूल वर पाहील, बोट दाखवील, त्या वेळी एक शब्द द्यावा, “गांडूळ.” तेवढा पुरे.

गांडूळ हातात घेण्याआधी हात ओला करावा. ते कातडीवाटे श्वास घेते, त्यामुळे कोरडा हात आणि ऊन ही दोन्ही त्याला बाधतात. जाडसर कोऱ्या कागदावर ते सोडून कागदाजवळ कान न्यावा. त्याच्या अंगावरील राठ केसांची बारीक खरखर ऐकू येते. ती ऐकण्यासाठी दोन वर्षांचे मूल श्वास रोखून बसते. मिनिटभराने गांडूळ होते तिथे परत ठेवावे. तुकडा केला की त्याची दोन गांडुळे होतात, हा समज मात्र खरा नाही. तुटलेला शेपटीकडचा भाग मरतो. हे मुलाला अजून कळत नसले तरी खुरपे हाती असलेल्या मोठ्या माणसाला कळलेले बरे.

मुंग्यांच्या रांगेशेजारी साखरेचा दाणा ठेवावा आणि दाणा उचलणारी मुंगी कुठे जाते ते पाहावे. रांगेवरून आडवे बोट फिरविले की मुंग्या थबकतात, इकडे तिकडे चाचपडतात. वाटेवर त्यांनी ठेवलेला वास पुसला गेलेला असतो. थोड्या वेळाने वाट पुन्हा जुळते. कोरड्या धुळीत, आडोशाला, नरसाळ्यासारखे लहान खळगे दिसले तर तिथे थांबावे. तळाशी एक अळी दडून बसलेली असते आणि घसरणाऱ्या मुंगीची ती वाट पाहत असते. पहिल्या सरींनंतर दिसणारा मखमली मृगाचा किडा लाल गुंजेसारखा सुंदर असतो. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या गोतातला. तो पाहावा आणि जाऊ द्यावा.

मातीचीही ओळख हाताने व्हावी. आपल्या भागात काळी माती आहे तशी गोराडूही आहे. दोन्हींचा एकेक गोळा मुलाच्या दोन मुठींत द्यावा. काळी चिकटून बसेल, गोराडू भुरभुरेल. काचेच्या बरणीत मूठभर माती नि पाणी घालून हलवावे आणि खिडकीत ठेवावे. रेती लगेच तळाशी बसते, तिच्यावर गाळ बसतो, आणि चिकणमाती दिवसच्या दिवस पाण्यात तरंगत राहते. मूल ती बरणी रोज सकाळी येऊन पाहते.

अंगणच नसेल तर एका भोक पाडलेल्या जुन्या बादलीत माती नि पालापाचोळा भरून ती गच्चीच्या सावलीत ओलसर ठेवावी; काही आठवड्यांत तिथे वस्ती होते. कढीलिंबाची एक कुंडी असावी आणि तिच्यावर औषध फवारू नये. लिंबावरचे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते. अळी लहान असताना थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा संसार साधारण महिन्याभरात आटोपतो. फोडणीच्या चार पानांचा त्याग करून एवढे नाटक घरी पाहावयास मिळत असेल तर तो सौदा वाईट नव्हे. आठवड्यातून एकदा कमाटीबागेत जाता येते. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग प्रजेसाठी केली. तिथे प्राणी पाहून झाल्यावर एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुलाला दहा मिनिटे बसू द्यावे.

आता सावधगिरी, कारण प्रेम आणि बेफिकिरी एक नव्हेत. मातीत खेळणे संपले की साबणाने हात, नखांसकट. कुत्र्या-मांजरांची घाण पडते अशी वाळू किंवा कोपरा टाळावा, आणि अनवाणी पाय तर तिथे मुळीच नकोत, कारण जंतांची बाधा अशाच जागेतून होते. धनुर्वाताची लस वेळेवर दिलेली असावी. या वयाचे मूल सगळे तोंडात घालते, तेव्हा हाताच्या अंतरावर मोठे माणूस हवेच. दगड मुलाने उलटू नये, आपण उलटावा. आपल्यापासून दूरची कड वर उचलावी, म्हणजे खाली विंचू असला तरी दगड मध्ये राहतो. पाहून झाले की दगड हळूच होता तसा ठेवावा, कारण ते कोणाचे तरी छप्पर आहे. केसाळ सुरवंटाला हात लावू नये. गोगलगाय लांबूनच बरी. पैसा आणि गोम यांतला भेद मोठ्यांनी शिकून घ्यावा. पैसा संथ असतो, स्पर्श होताच नाण्यासारखी गुंडाळी करतो, पण त्याचा रस डोळ्यांना झोंबतो. गोम चपळ असते आणि चावते. विश्वामित्रीच्या काठी तर मुलांना खेळावयास नेऊच नये. तिथे मगरींचा राबता आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या थेट वस्तीत शिरलेल्या आपण पाहिल्या.

म्हणजे भयाला जागा आहेच. विंचवाला भ्यावे, गोमेपासून दूर राहावे. पण “याला हात लावू नकोस, चावते,” हे वाक्य मुलाला काहीतरी सांगते. ‘छी’ काहीच सांगत नाही. पहिल्याने विंचू आणि गांडूळ वेगळे होतात, दुसऱ्याने दोन्ही एकाच केराच्या टोपलीत जातात.

मातीचा लाभ शरीरालाही होतो काय, याचा शोध चालू आहे. फिनलंडमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची पंचाहत्तर मुले होती. काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती व हिरवळ आणून टाकली आणि मुलांना अठ्ठावीस दिवस तिथे खेळू दिले. त्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्म जीवांचे वैविध्य वाढले आणि रक्तातील प्रतिकारशक्तीच्या काही खुणांतही चांगला फरक दिसला. एवढ्यावरून मातीला औषध ठरवू नये. पण तिला विष ठरविण्याचीही घाई करू नये.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार नवा नाही, आणि त्यात मराठी नि गुजराती हात एकमेकांत गुंफलेले आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. त्या शाळेचे नाव अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा तिनेही हेच नाव घेतले. आज देशभर जे नाव चालते त्याच्या आरंभी आपले अंगण आहे. आपल्याच घरांतून तेवढे अंगण हरवावे, हे बरे नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या मराठी घरांपुरती. आपली नातवंडे रस्त्यावर गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी. आणि ते तसेच असावे. मुंगीला ती ‘कीडी’ म्हणतात, मुंगळ्याला ‘मंकोडो’, गांडुळाला ‘अळसियुं’. आमची गोगलगाय तिथे गोकळगाय होते, इतकी ती जवळची. ही नावे त्यांना शेजारी देतील. परंतु पैसा, गोम, मृगाचा किडा, सुरवंट, चतुर ही नावे त्यांना पुस्तकातून कोणी देणार नाही. ती आजीच्या तोंडी आहेत, आणि आजी ज्या दिवशी नुसते ‘छी’ म्हणते त्या दिवशी त्या नावांपैकी एक घरातून कायमचे निघून जाते. गाण्यातली चीज गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. मध्ये एक पिढी गप्प राहिली तर ती बुडते. शब्दांचेही तसेच आहे.

तेव्हा येत्या पावसाळ्यात पहिली सर येऊन गेली की नातवाचे बोट धरून खाली उतरावे. ते मूठ उघडून काहीतरी पुढे करील. घाई न करता आत काय आहे ते पाहावे, आणि त्याचे नाव सांगावे.